लॅबवाला आता तुम्हीच: रोलवरून डिजिटलकडे येताना

छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवून वापरलेला माणूस डिजिटल कॅमेरा हातात आला की पहिल्याच रविवारी सहाशे फोटो काढून आणतो आणि ते बघता बघता कंटाळतो. नाहीतर जुन्या सवयीने दहा फोटो काढतो आणि कॅमेरा पिशवीत घालतो. मी दोन्ही करून बसलोय. चिपळूणला राहतो, निकॉन एफएम१० वर बारा-तेरा वर्षं काढली आणि डिजिटलकडे आलो तेव्हा बरोबरचे सगळे आधीच पोचलेले होते. आता ओळखीतले कुणी ना कुणी विचारत येतात: कपाटात जुना कॅमेरा आहे, थोडा वेळही मिळायला लागलाय, सुरुवात कुठून करू? त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांना अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड कळतो, पण कॉम्प्युटर आणि कार्ड म्हटलं की कपाळावर आठी येते, त्यांच्यासाठी हे आहे.

१. दुकानात जाण्याआधी कपाट उघडा

कुठली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची ते मेगापिक्सेलवरून ठरवू नका, घरात लेन्स कुठल्या आहेत त्यावरून ठरवा. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, चांगली काच होत नाही.

निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांचा माउंट (लेन्सची बैठक) १९५९ पासून तोच आहे, म्हणून जुनी लेन्स डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, बसते. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. एफएम१० बरोबर आलेली ३५-७० किंवा हाताने फोकस करायची ५० मिमी डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवर लावलीत तर मीटर (प्रकाश मोजणारा भाग) मुका राहतो. डी९० वरही तेच. डी७०००, डी७१०० आणि डी७२०० मध्ये मात्र लेन्सची फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर मेनूत भरायची सोय आहे. ते भरलं की मीटर बोलायला लागतो. पुढच्या डी७५०० मध्ये ही सोय काढून टाकली, त्यामुळे नंबर मोठा म्हणून तो घ्याल आणि फसाल. १९७७ च्या आधीची, नंतर बदल न केलेली निकॉन लेन्स असेल तर ती यातल्या कुठल्याही मीटर चालणाऱ्या बॉडीवर जोर लावून बसवू नका, लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीला कळवणारा छोटा दांडा मोडतो.

पेंटॅक्स के१००० वाले सुखी. के माउंटची जुनी लेन्स पेंटॅक्सच्या डीएसएलआरवर लावायची, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवायचा, मेनूत अ‍ॅपर्चर रिंग वापरायची परवानगी द्यायची आणि हिरवं बटण दाबायचं. मीटर शटर स्पीड स्वतः लावून देतो.

कॅननच्या जुन्या एफडी, मिनोल्टा किंवा याशिकाच्या लेन्स असतील तर डीएसएलआरच्या नादी न लागता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, घ्या. कारण साधं आहे. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. एफडीचं ४२ मिमी, कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या ईओएसचं ४४ मिमी. म्हणजे एफडी लेन्स ईओएसवर लावली की ती दोन मिमी पुढे राहते आणि लांबच्या डोंगरावर फोकसच होत नाही. सोनीच्या मिररलेसमध्ये हेच अंतर १८ मिमी आहे. मधल्या २४ मिमीत एक पोकळ धातूचं कडं बसतं, आत काच नाही, काही नाही. तेच अ‍ॅडॅप्टर. ते लावल्यावर मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर कॅमेरा लेन्स नाही म्हणून अडून बसतो. फोकस झालेल्या कडा रंगीत दाखवणारी सोय असते, तीही चालू करा. साठीतल्या डोळ्यांना तिचा फार आधार वाटतो.

आणखी एक हिशोब आधीच करून ठेवा. स्वस्त बॉडीतला सेन्सर (फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चिप) ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षा लहान असतो. निकॉन, सोनी, पेंटॅक्समध्ये दीड पटीचा फरक पडतो, कॅननमध्ये १.६ चा. तुमची ५० मिमी ७५ सारखी दिसेल: माणसांच्या चेहऱ्यांना उत्तम, घरातल्या हळदीकुंकवाला निरुपयोगी. २८ ची झाली ४२. म्हणून बॉडीबरोबर येणारी प्लास्टिकची १८-५५ नाक मुरडून परत करू नका, रुंद दृश्याला तीच लागणार आहे.

२. वापरलेली बॉडी घेताना

सुरुवातीला वापरलेलीच घ्या. कॅननची ३००डी २००३ मध्ये आली, निकॉनची डी७० २००४ मध्ये, दोन्ही सहा मेगापिक्सेलच्या. त्यातून ८ बाय १२ ची प्रिंट काढली तर इंचाला अडीचशे ठिपके पडतात, म्हणजे भिंतीवर लावायला पुरेसे. दहा-बारा वर्षं जुन्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत हौशी माणसाला कमी पडेल असं काही नाही.

बॉडी तपासताना एक फोटो एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा काढा आणि मोठा करून बघा. काळे पुंजके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती निघते, पण भाव पाडायला उपयोगी. किती वेळा शटर पडलंय तो आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, कुठल्याही फुकट प्रोग्रॅमने वाचता येतो. डी९० चं शटर कंपनीने एक लाख वेळा तपासलेलं, डी७००० चं दीड लाख. लेन्स मात्र अंधारात टॉर्च पलीकडून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. तशी लेन्स फुकट मिळाली तरी घरी आणून बाकीच्यांशेजारी ठेवू नका.

जुना फ्लॅश नव्या बॉडीवर लावण्याआधी थांबा. काही जुन्या फ्लॅशच्या तळाच्या पिनेवर दोनशेपेक्षा जास्त व्होल्ट येतात. मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं, डिजिटलचं सर्किट जळू शकतं. मल्टिमीटरने मोजता आलं तर मोजा आणि बॉडीच्या माहितीपुस्तकात किती चालतं ते बघा. तेवढं जमणार नसेल तर लावूच नका.

३. एक्स्पोजरची सवय उलटी करा

इथे जरा जास्त थांबतो, कारण जुन्या माणसांचे फोटो इथेच बिघडतात.

आपण १०० चा रोल घालायचो आणि कॅमेऱ्यावर ८० लावायचो. थोडं जास्त गेलं तरी चालेल, कमी जाऊ नये, हा मंत्र. निगेटिव्हसाठी तो बरोबरच होता. प्रकाश जास्त झाला तर निगेटिव्ह दाट होते, पण दाटपणातही तपशील राहतो आणि प्रिंट काढताना तो ओढून आणता येतो. सावलीत प्रकाशच पोचला नाही तर तिथे निगेटिव्ह कोरी, तिथून काही येत नाही.

डिजिटलमध्ये नेमकं उलट. माझ्या पहिल्या फोटोंमधला एक अजून ठेवलाय: बाजारपुलाजवळ उन्हात उभे एक आजोबा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. जुन्या हिशोबाने थोडं जास्त दिलं. छोट्या स्क्रीनवर झकास दिसला. घरी मोठा करून बघितला तर खांद्यावर सदराच नाही. चुण्या नाहीत, शिवण नाही, टोपीची घडी नाही, नुसता कोरा कागद. १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला ० ते १६३८३ इतक्या पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवर पोचला की संपलं, त्यावर काही नाही आणि तिथून काही परत येत नाही. उलट त्याच फोटोत आजोबांच्या पायाशी काळोखात बसलेली कोंबडी, जी मला दिसलीही नव्हती, ती उजळवल्यावर पिसांसकट आली. ज्यांनी स्लाइडचे रोल वापरलेत त्यांना हे नवीन नाही, तिथेही जास्त प्रकाश गेला की तपशील जायचा. तोच हात ठेवा.

करायचं ते असं. मेनूत जाऊन हिस्टोग्राम चालू करा, आणि फार उजळ झालेली जागा लुकलुकायला लावणारी सोयही. हिस्टोग्राम म्हणजे डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड असा डोंगर. डोंगर कसाही असो, उजव्या भिंतीला चिकटून कापला गेलेला नसावा एवढंच बघायचं. उन्हात पांढरे कपडे, चुन्याची भिंत, धबधबा असं काही असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एक तृतीयांश किंवा उणे दोन तृतीयांश. दिवा, सूर्य, पाण्यावरची चकाकी लुकलुकली तर लुकलुकू दे, तिथे तपशील नव्हताच.

नवीन फिल्म घेतली की आपण एक रोल नुसता चाचणीत घालवायचो. तेच इथे फुकटात करा. अंगणात अर्धं ऊन, अर्धी सावली असेल तिथे एक स्टीलचं भांडं आणि एक कापड ठेवा. उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत एकेका स्टॉपने (दर वेळी प्रकाश दुप्पट) पाच फोटो काढा. घरी पाचही सारख्या उजेडावर आणून बघा. कुठला कुठपर्यंत परत येतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तक वाचायची गरज उरत नाही.

४. रात्र आणि पिवळा रंग

शिमग्याला सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) पालखी नाचते तेव्हा माझ्याकडे ४०० चा रोल असायचा. तो ८०० चा आहे असं कॅमेऱ्याला सांगायचं आणि लॅबवाल्याला जास्त वेळ धुवायची विनंती करायची. आता आयएसओ (रोलवरचा तोच १००-४०० चा आकडा) ३२०० लावा आणि पालखी खांद्यावर उसळते ती २५० च्या शटरने पकडा. दाणे दिसतील, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणे बरे. ऑटो आयएसओमध्ये ‘शटर याच्या खाली जाऊ नये’ असं बजावता येतं, ते बजावून ठेवा.

रंगाचं म्हणाल तर आपला नेहमीचा रोल दिवसाच्या उजेडाचा, ५५०० केल्व्हिनचा. पिवळ्या बल्बखाली सगळे कावीळ झाल्यासारखे, ट्यूबलाइटखाली हिरवे. बल्बसाठी निळसर फिल्टर ठेवायचो. ते आता देऊन टाका, व्हाइट बॅलन्सचं बटण तेच काम करतं. यूव्ही आणि स्कायलाइटही लागत नाहीत. पोलरायझर मात्र ठेवा, पाण्यावरची चमक कॉम्प्युटरवर काढता येत नाही. फक्त तो सर्क्युलर आहे का बघा, जुन्या लिनियर पोलरायझरने डीएसएलआरचा मीटर आणि फोकस गोंधळतात.

५. लॅबचं काम

पूर्वी रोल दिला आणि संध्याकाळी पाकीट घेतलं. मधे काय घडायचं ते मला एका लॅबमध्ये मशीनशेजारी बसल्यावर कळलं. ऑपरेटरसमोर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि घनता अशा बटणांच्या रांगा. प्रत्येक निगेटिव्ह स्क्रीनवर क्षणभर यायची, त्याची बोटं पेटी वाजवल्यासारखी दोन-तीन बटणांवर पडायची आणि पुढची निगेटिव्ह. माझे अर्धा-एक स्टॉप चुकलेले फोटो तो न बोलता सुधारून द्यायचा. आपला हात चांगला आहे, या माझ्या समजुतीत निम्मा वाटा त्याच्या बोटांचा होता.

डिजिटलमध्ये तो माणूस नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे आणि तिथे तुम्ही बसायचंय. ‘फिल्मसारखी मजा येत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ही खुर्ची रिकामीच ठेवलेली असते.

कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग असे दोन पर्याय असतात. रॉ म्हणजे निगेटिव्ह, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने काढलेली प्रिंट. पहिले दोन महिने दोन्ही एकदम साठवा. जेपेग घरच्यांना पाठवायला, रॉ तुमच्या शिकण्याला. रॉ उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या, दोन्ही फुकट आणि दोन्ही पहिल्या दिवशी घाबरवणारे. त्यातली नव्वद टक्के बटणं विसरा. क्रम एवढाच: आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, मग सावल्या थोड्या वर, मग क्षितिज सरळ आणि कापाकापी. एका फोटोला चार-पाच मिनिटं. त्याहून जास्त लागली तर फोटोच बरा नव्हता.

प्रिंट काळ्या आल्या म्हणून लोक लॅबशी भांडतात. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपच्या स्क्रीनचा असतो, कारण ती दुकानातून येते तीच डोळे दिपवणारी. उजेड निम्म्यावर आणा, पाच वेगवेगळे फोटो एसआरजीबीमध्ये (रंग साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) साठवून ४ बाय ६ च्या प्रिंटा काढून घ्या आणि त्या स्क्रीनशेजारी धरून स्क्रीन जुळवा. हे एकदाच करायचं काम आहे.

६. कार्ड, फोल्डर, हार्ड डिस्क

निगेटिव्ह पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहीत होतात ना? तेच करा. आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस, मग ठिकाण: ‘२०२४-०३-२५ शिमगा’. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

प्रती तीन ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. दुसऱ्या घरी म्हणजे खरंच दुसऱ्या घरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा माझा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी ठेवलेली डिस्क दोन्ही एकत्रच भिजली. पुण्याला बहिणीकडे एक डिस्क होती म्हणून वाचलो.

कार्ड कॉम्प्युटरवर रिकामं करू नका. फोटो दोन ठिकाणी गेल्याची खात्री झाली की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. भाचीच्या साखरपुड्याचं कार्ड मी उतरवून घेतलंय या समजुतीत फॉरमॅट केलं होतं. असं झालं तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही, कार्ड बाजूला काढायचं आणि फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवायचा. माझे जवळजवळ सगळे परत आले. नावं आणि क्रम गेले, पण बहिणीच्या घरी जायला तोंड राहिलं.

आणि छाटणी. दिवसाचे कितीही काढा, ठेवताना छत्तीस.

७. पावसाळा

कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू समुद्र नाही, कपाट. जून ते सप्टेंबर बंद कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सवर बुरशी हमखास येते. चामडं ओल धरून ठेवतं, केस काढून टाका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणं.

फिल्मवर धूळ बसली तर पुढच्या फ्रेमला ती जागाच बदललेली असायची. सेन्सरवर बसलेला कण प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली ठेवा. धूळ दिसलीच तर रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट.

८. जुन्या निगेटिव्ह

डिजिटल बॉडी घेतल्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा. स्कॅनरची गरज नाही, तोच कॅमेरा निगेटिव्हचा फोटो काढतो. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीने पूर्ण फ्रेम टिपली तर इंचाला चार हजारांहून जास्त ठिपके मिळतात.

मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स नसेल तर जुनी ५० मिमी आणि एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी पोकळ नळी) पुरते. लहान सेन्सरवर पूर्ण फ्रेम मावायला लेन्स अनंतावर ठेवून साधारण ३२-३३ मिमीची ट्यूब लागते. खाली एलईडीचं चित्रकारांचं पॅड. टॅबलेटची पांढरी स्क्रीन वापरलीत तर निगेटिव्ह तीन-चार इंच वर उचलून धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. कडेची अक्षरं सरळ वाचता येतील अशी पट्टी ठेवा. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ. खोलीतले बाकीचे दिवे बंद. डार्कटेबलमध्ये निगाडॉक्टर नावाचा भाग आहे, त्यात दोन फ्रेममधली कोरी नारिंगी पट्टी दाखवली की तो रंग वजा करून चित्र उलटवतो. कृष्णधवल तर नुसता उलटला की झालं.

निगेटिव्ह पाण्यात भिजल्याच तर वाळवायची घाई करू नका. पाकिटात अर्धवट वाळल्या की जिलेटिन एकमेकांना चिकटतं आणि मग सोडवताना चित्रच सोलून निघतं. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत ठेवा, पाणी बदला, पाण्यातच हळूहळू सुट्या करा आणि दोरीवर चिमट्याने टांगा, पृष्ठभागाला हात न लावता. पुरानंतर आमच्या गच्चीवर कपड्यांऐवजी दोन दिवस माझ्या निगेटिव्ह वाळत होत्या. सगळ्या नाही वाचल्या. ज्या पाकिटांना मी चौथ्या दिवशी हात घातला त्यांच्या विटा झाल्या होत्या.

राहता राहिला जुना कॅमेरा. ठेवून देण्याआधी सेल काढा, ते आत गळले की कप्पा खाऊन टाकतात. एफएम१० ला सेल फक्त मीटरपुरते लागतात, शटर त्यांच्याशिवाय चालतं, म्हणून महिन्यातून दोन-चार वेळा रिकामा खटका दाबून ठेवा. आणि मागचं झाकण उघडण्याआधी रिवाइंडचा दांडा बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघा. सैल फिरला तर कॅमेरा रिकामा. माझा अडला. काउंटर बघितला तर बावीसवर होता.